फर्दापूरचा तळ आणि शांतिनिकेतन

रवींद्रनाथ ठाकूरांनी २३ डिसेंबर १९२१ रोजी शांतिनिकेतनात स्थापन केलेली विश्वभारती ही सरकारी छत्राशिवाय, खासगी बळावर उभी राहिली. केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा १९५१ चा. तिच्या कलाभवनाच्या, म्हणजे कलाशाळेच्या, घडणीत अजिंठा लेण्यांजवळच्या फर्दापूरचाही वाटा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

१९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी फर्दापूरला तळ ठोकला. मदतीला कलकत्त्याहून तरुण चित्रकार आले. त्यांत नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार होते. रंगांचे पोपडे उडालेल्या भिंती, लेण्यांतला अंधार आणि त्यातून हुडकून काढलेली एकेक रेषा, असे ते काम. पुढे हे दोघेही कलाभवनात शिकवू लागले. भारतीय संविधानाच्या मूळ हस्तलिखिताची सजावटही नंदलाल आणि त्यांच्या शिष्यांचीच. बिनोदबिहारी मुखर्जी, रामकिंकर बैज हे त्याच परंपरेतले. सत्यजित राय यांनीही काही काळ कलाभवनातच चित्रकलेचे धडे घेतले.

फर्दापूर टी-पॉइंटवर बस बदलून लेण्यांकडे जाल, तेव्हा पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या भुवईची रेषा सावकाश पाहा.