बालकांतील अनैच्छिक मूत्रस्राव : एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेचे परिभाषाकार्य

प्रस्तावना

वयाची पाच वर्षे पूर्ण झाल्यानंतरही मुलाने झोपेत अंथरूण ओले करणे, ही असंख्य घरांत आढळणारी परंतु घराबाहेर क्वचितच उच्चारली जाणारी बाब आहे. सात वर्षे वयाच्या मुलांपैकी सुमारे ५ ते १० टक्के मुलांमध्ये ती आढळते. शार्ङ्गधरसंहितेने शय्यामूत्राची गणना बालरोगांमध्ये केली आहे. म्हणजेच हा विकार आहे ही जाणीव आपल्याकडे जुनी आहे. तरीही व्यवहारात त्याकडे आळस, हट्ट किंवा वाईट सवय म्हणून पाहिले जाते आणि मुलाला शिक्षा भोगावी लागते. हा विकार मोजता येईल अशा भाषेत मांडण्याचे कार्य ‘इंटरनॅशनल चिल्ड्रन्स कॉन्टिनेन्स सोसायटी’ या संस्थेने केले आहे. प्रस्तुत लेखात त्या कार्याचे स्वरूप व महत्त्व स्पष्ट केले आहे.

परिभाषेची आवश्यकता

एकच शब्द निरनिराळे संशोधक निरनिराळ्या अर्थांनी वापरू लागले, तर त्यांच्या निष्कर्षांची तुलना करता येत नाही. या क्षेत्रात नेमके हेच घडत होते. ‘एन्युरेसिस’ ही संज्ञा कोणी केवळ रात्रीच्या मूत्रस्रावासाठी, तर कोणी दिवसाच्याही मूत्रस्रावासाठी योजत असे. संस्थेच्या वतीने १९९८ मध्ये व्याख्यांचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यानंतर स्वीडिश बालरोगतज्ज्ञ ट्रिग्वे नेव्हेउस व त्यांच्या सहकाऱ्यांचा विस्तृत अहवाल २००६ मध्ये ‘जर्नल ऑफ युरॉलॉजी’मध्ये आला. त्याची सुधारित आवृत्ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. २००६ च्या अहवालाच्या लेखकांत मूत्ररोगतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ यांच्याबरोबर बालमनोविकारतज्ज्ञ आणि भौतिकोपचारतज्ज्ञही होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

या अहवालाने ‘एन्युरेसिस’ ही संज्ञा झोपेतील मूत्रस्रावापुरती मर्यादित केली आणि दिवसाच्या मूत्रस्रावासाठी ती वापरणे कालबाह्य ठरविले. दिवसा मूत्राशयाची कोणतीही तक्रार नसल्यास विकार ‘एकलक्षणी’, असल्यास ‘अनेकलक्षणी’ समजावा, असे भेद निश्चित झाले. पूर्वी किमान सहा महिने कोरडे गेले असल्यास तो ‘दुय्यम’, अन्यथा ‘प्राथमिक’ मानला जातो.

मापनाची पद्धती

व्याख्येला मापनाची जोड नसेल तर ती निरुपयोगी ठरते. मुलाच्या वयाच्या वर्षांत एक मिळवून येणाऱ्या संख्येला ३० ने गुणले असता मूत्राशयाची अपेक्षित धारणशक्ती मिलिलिटरमध्ये मिळते. सात वर्षांच्या मुलासाठी ती २४० मिलिलिटर होते. रात्री तयार झालेले मूत्र या अपेक्षित धारणशक्तीच्या १३० टक्क्यांहून अधिक, म्हणजे या उदाहरणात ३१२ मिलिलिटरहून अधिक असल्यास त्यास रात्रीची अतिमूत्रता म्हणतात. हे मोजण्यासाठी पालकांनी सात रात्री लंगोटाच्या वजनातील वाढ आणि सकाळच्या पहिल्या मूत्राचे प्रमाण नोंदवावे आणि दोन दिवस दिवसभराच्या मूत्रविसर्जनाची नोंद ठेवावी, अशी पद्धती आहे. यासाठी लागणारी साधने वजनकाटा, मापाचे भांडे व वही एवढीच आहेत.

या नोंदींवरून उपचाराची दिशा ठरते. रात्री मूत्र अधिक तयार होत असेल आणि मूत्राशयाची धारणशक्ती वयानुरूप असेल, तर मूत्राचे प्रमाण घटविणारे डेस्मोप्रेसिन हे औषध उपयुक्त ठरण्याची शक्यता अधिक असते. मात्र ते घेतल्यावर रात्री पाणी पिण्यावर मर्यादा ठेवणे अनिवार्य आहे, कारण रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या घटू शकते. मूत्राशयाची धारणशक्ती अपेक्षेहून कमी आणि रात्रीचे मूत्र प्रमाणात असेल, तर ओलावा जाणवताच वाजणाऱ्या घंटेचा उपचार अधिक योग्य ठरतो. बद्धकोष्ठता असल्यास तिचा उपचार आधी करावा लागतो, कारण भरलेल्या मलाशयाचा दाब मूत्राशयावर पडतो.

सामाजिक आशय

या मापनातून कारणे शरीरात सापडतात : रात्रीचे अधिक मूत्र, मूत्राशयाची अल्प धारणशक्ती आणि मूत्राशय भरल्याची जाणीव होऊनही जाग न येणे. आनुवंशिकतेचाही यात मोठा वाटा आहे. यांपैकी एकही कारण मुलाच्या इच्छेच्या अधीन नाही. म्हणून शिक्षेने विकार बरा होत नाही. ती मुलाच्या त्रासात अपमानाची भर मात्र घालते. हा विचार समाजापर्यंत पोहोचावा यासाठी संस्थेने युरोपातील बालमूत्ररोगतज्ज्ञांच्या संस्थेसमवेत २०१५ मध्ये या विकारासाठी जागतिक दिवस सुरू केला. पुढे त्यासाठी मे महिन्यातील शेवटचा मंगळवार निश्चित झाला.

दिवसाच्या तक्रारींवरील प्राथमिक उपचारात ठरावीक वेळी मूत्रविसर्जन व पुरेसे पाणी यांवर भर असतो. साहजिकच शाळेतील प्रसाधनगृहाची स्थिती आणि तासिका सुरू असताना बाहेर जाण्याची परवानगी हे विषय उपचाराच्या कक्षेत येतात. अध्यापक-शिक्षणाच्या अभ्यासक्रमात या बाबीची दखल घेतली जाणे उचित होय.

समारोप

या विकारासाठी मराठीत ‘असंयम’ हा शब्द योजला, तर त्यात संयम न पाळल्याचा आरोप नकळत उमटतो. म्हणूनच प्रस्तुत लेखात ‘अनैच्छिक मूत्रस्राव’ ही संज्ञा स्वीकारली आहे. परिभाषा निश्चित करणे हे शुष्क कोशकार्य वाटू शकते. परंतु नाव बदलले की प्रश्न बदलतो : ‘हे मूल असे का वागते?’ याऐवजी ‘या मुलाच्या शरीरात काय घडते आहे?’ असे विचारले जाते. उपचाराचा प्रारंभ या दुसऱ्या प्रश्नापासूनच होऊ शकतो.