खुंटा कोणता?

जंतूवर विषाणूची धाड आली, की पुष्कळ जंतू त्या परक्या डीएनएचे तुकडे करतात. हे काम करणारी विकरे म्हणजे शेकडो अमिनो आम्लांच्या माळाच. त्यांतील कापणारे मणी कोणते?

औंधच्या श्रोत्यांना जाते नवे नाही. खुंटा काढला, की दळण थांबते; त्यावरून खुंट्याचे काम कळते. शास्त्रज्ञही हेच करतात. मायकेल स्मिथ यांनी १९७८ साली दाखविलेल्या रीतीने जनुकातील ठरावीक अक्षर बदलले, की माळेतील ठरावीक मणी बदलतो.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत व्ही. नागराज व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘केपीएन-वन’ या विकरावर असा प्रयोग केला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. १४८वे अॅस्पार्टिक आम्ल, १४९वे हिस्टिडीन, १७५वे ग्लुटामीन. यांपैकी कोणतेही बदलले, तरी कापणे बंद पडले.

पण खुंटा उपटताना जात्याची तळीच फुटली असेल, तर दोष खुंट्याला कसा द्यावा? म्हणून अशा प्रयोगात बदललेले विकर डीएनएला अजून धरते का, हेही पाहावे लागते. ते धरते पण कापीत नाही, असे दिसले, म्हणजे त्या मण्याचे काम कापण्याचेच, असे म्हणण्यास आम्हांस आधार मिळतो. निष्कर्षापूर्वीची ही शंका म्हणजेच विज्ञानाची शिस्त होय.