सरासरी म्हणते कांबळी, मग आपण सचिन का म्हणतो?

विनोद कांबळीची कसोटी सरासरी ५४.२०. सचिन तेंडुलकरची ५३.७८. म्हणजे आकडेच बघायचे म्हटले तर कांबळी वर. हे वाक्य घरातल्या कुठल्याही काकांसमोर म्हणून बघा, पुढचा तास कसा जातो ते कळणार नाही. पण काका चुकीचे आहेत हे तुम्हाला वाटतं का? नाही ना? मग आकडा चुकीचा आहे का? तोही नाही. गंमत इथेच आहे.

पॉडकास्टवर आपण बोललो होतो की 'सर्वांत भारी कोण' हा प्रश्न खरं तर तीन-चार प्रश्नांचा गुंता असतो. मराठी फलंदाजांची यादी घेऊन तो सोडवून बघू. हातात फोनचा कॅल्क्युलेटर असला की पुरे.

आधी कांबळीचं बघू. १७ कसोटी, २१ डाव, एकदा नाबाद, १०८४ धावा, चार शतकं. ती चारही शतकं पहिल्या सात सामन्यांत, सगळी १९९३ मध्ये. त्यातली दोन तर लागोपाठची द्विशतकं: वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४, दिल्लीत झिंबाब्वेविरुद्ध २२७. त्या सात सामन्यांत ७९३ धावा, सरासरी ११३ च्या वर. उरलेल्या दहा सामन्यांत २९१ धावा, सरासरी जेमतेम २२. शेवटची कसोटी १९९५ मध्ये, वय २३. म्हणजे ५४.२० हा आकडा दोन अगदी वेगळ्या माणसांची सरासरी आहे, आणि एकूण वीस वेळा बाद होण्यावर उभा आहे. वीस हा फार लहान नमुना. दोन डाव इकडचे तिकडे झाले असते तर तो आकडा ४५ झाला असता नाहीतर ६० सुद्धा.

सचिन २९६ वेळा बाद झाला. इतक्या नोंदींवर नशीब फारसं टिकत नाही. पण लांब कारकिर्दीला दुसरा फटका बसतो: उतरत्या काळाचा. जानेवारी २०११ मध्ये केपटाउनला त्याने ५१ वं शतक ठोकलं, आणि त्यानंतर २३ कसोटी खेळून एकही नाही. त्या २३ सामन्यांनी त्याची सरासरी खाली ओढली. तो केपटाउनलाच थांबला असता तर सरासरी कांबळीच्या वर राहिली असती आणि हा वादच उरला नसता. जास्त खेळल्याबद्दल सरासरी माणसाला दंड लावते, हे मला तरी पटत नाही.

मग नुसत्या एकूण धावा मोजायच्या का? त्यात उलटी अडचण. जो जास्त सामने खेळला तो आपोआप वर.

अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांनी यावर डोकं चालवलं आहे, आणि त्यांच्याकडचा एक वाद तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूंचा आहे. माइक श्मिटचे ५४८ होम रन, जॉर्ज ब्रेटचे ३१५४ हिट, आणि ब्रुक्स रॉबिन्सन, ज्याची फलंदाजी साधारण पण क्षेत्ररक्षणासाठी सलग १६ गोल्ड ग्लव्ह. या तिघांना एका मापात कसं मोजणार? त्यांनी प्रश्न बदलला. 'याने किती केलं' असं न विचारता ते विचारतात, 'याच्या जागी कुणीही सहज मिळेल असा राखीव खेळाडू असता, तर त्याच्यापेक्षा याने किती जास्त दिलं?' या मापात श्मिट सगळ्यांच्या पुढे जातो. जे जॅफी या लेखकाने त्यात आणखी एक भर घातली: संपूर्ण कारकिर्दीचा आकडा आणि सर्वोत्तम सात हंगामांचा आकडा, दोन्हींची सरासरी काढायची. म्हणजे टिकून राहण्यालाही किंमत, शिखरालाही.

आपल्याकडे याची साधी आवृत्ती करता येते. समजा, ३५ च्या सरासरीचा फलंदाज संघाला कधीही मिळू शकतो. (३५ हा आकडा मी धरलाय, त्यावर पुढे येतो.) मग एकूण धावांतून, जितक्या वेळा बाद झाला त्याची ३५ पट वजा करायची. उरतं ते त्या माणसाचं स्वतःचं देणं. सचिन ५५६१. सुनील गावसकर ३१९२. दिलीप वेंगसरकर ११६३. विजय हजारे ५८२. अजिंक्य रहाणे ४५७. कांबळी ३८४. विजय मांजरेकर ३३८. काकांचा जीव भांड्यात पडला.

पण आता ३५ च्या जागी ४५ घालून बघा. सचिन २६०१, गावसकर १२१२, ठीक. मात्र कांबळी १८४ वर आणि हजारे १२२ वर, म्हणजे दोघांची अदलाबदल. आणि लॉर्ड्सवर तीन कसोटी शतकं ठोकणारे वेंगसरकर थेट उणे ४६७! माणसं तीच, धावा त्याच. फक्त पट्टी कुठून धरायची हे मी बदललं. कुणी तुम्हाला 'डेटा सांगतो' असं म्हणालं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: शून्य कुठे मांडलंय?

शिवाय एकच पट्टी सगळ्या काळांना कशी लावणार? हजारेंच्या काळी खेळपट्ट्या पावसात उघड्या असत. १९४८ मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी एकाच कसोटीत ११६ आणि १४५ केल्या. दुसऱ्या डावात सगळ्या संघाच्या मिळून २७७ होत्या. जन्म १९१५ चा, पहिली कसोटी १९४६ ला. मधली उमेदीची वर्षं महायुद्धाने खाल्ली. माझ्या यादीत म्हणूनच सचिन, गावसकर आणि मग हजारे, वेंगसरकरांच्या वर. गणित नाही हे, मत आहे. भांडायला या.

हजारे पहिली कसोटी खेळले तो १९४६ चा इंग्लंड दौरा. त्याच दौऱ्यावर रेडिओसाठी समालोचन करायची पहिली संधी मिळालेला एक माणूस बेसिंगस्टोकचा होता: जॉन अरलॉट. तुमच्यापैकी जे तिथे राहतात, मेज बाउंटीच्या मैदानावरून येता-जाता, त्यांना हे नाव कदाचित माहीत असेल. १९१४ मध्ये बेसिंगस्टोकच्या कब्रस्तानाच्या रखवालदाराच्या घरात जन्म, आधी पोलिसात नोकरी, कविताही लिहायचे. पुढे दक्षिण आफ्रिकेतला एक खेळाडू त्यांना पत्रं लिहायचा, कारण वर्णभेदामुळे त्याला स्वतःच्या देशाकडून खेळता येत नव्हतं. अरलॉटनी खटपट करून १९६० मध्ये त्याला लँकेशायरमधल्या क्लबात जागा मिळवून दिली. तो बेसिल डॉलिव्हेरा. इंग्लंडकडून पहिली कसोटी १९६६ मध्ये, तिशी उलटून गेल्यावर. ४४ कसोटी, सरासरी ४०.०६. वरच्या गणितात घाला त्याला, मांजरेकरांच्या आसपास येईल. पण विशीतली ती दहा वर्षं कुठल्या रकान्यात घालणार?

आपल्या घरचंच उदाहरण घ्या. पालवणकर बाळू. चर्मकार समाजातले, पुण्याच्या जिमखान्यावर नोकरीला, साहेबांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करायची. हिंदू संघाने त्यांना घेतलं ते त्यांच्याशिवाय जिंकता येत नव्हतं म्हणून. चहा मात्र बाहेर, वेगळ्या कपात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी. कर्णधारपद कधीच मिळालं नाही, ते १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. भारताची पहिली कसोटी १९३२ ची, तोवर बाळूंची गोलंदाजी संपली होती. कसोटीच्या आकड्यांत ते नाहीतच. शून्यसुद्धा नाही.

जातीचा प्रश्न नसतानाही रकाना रिकामा राहू शकतो. पद्माकर शिवलकर, प्रथम श्रेणीत ५८९ बळी, कसोटी एकही नाही, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते. भाऊसाहेब निंबाळकर, १९४८ मध्ये पुण्यात नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम समोर असताना काठियावाडने सामनाच सोडून दिला. कसोटी, एकही नाही. अमोल मुझुमदार, प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा, सरासरी ४८.१३, कसोटी नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतीय मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचे प्रशिक्षक तेच होते.