शनीचा अर्धा काळा चंद्र: नुसत्या ठिपक्यावरून कसं कळलं?

२९ व्या रोज्याला मगरिबनंतर आपण सगळे पश्चिमेकडे डोळे लावून बसतो. एकाला चाँद दिसतो, शेजारच्याला नाही. दोघंही खरंच बोलत असतात. वर्गात हा विषय निघाला तेव्हा सातवीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, आपलाच चाँद दिसायची एवढी मारामार, मग शनीच्या चंद्राचा रंग कसा कळतो? तो तर नुसता ठिपका!" सवाल रास्त होता.

असाच एक ठिपका १६७१ साली पॅरिसच्या वेधशाळेत जोव्हानी कॅसिनी यांना सापडला. त्याचं नाव आयापेटस. शनीभोवती एक फेरी मारायला त्याला ७९ दिवस लागतात. गंमत अशी, की शनीच्या पश्चिमेला असला की तो दिसायचा आणि पूर्वेला गेला की गायब. दुसरा कुणी दुर्बिणीला दोष देऊन मोकळा झाला असता. कॅसिनींनी वेगळा अंदाज बांधला: याची एक बाजू उजळ, दुसरी काळी असणार, आणि आपल्या चंद्रासारखा हाही आपल्या ग्रहाकडे एकच तोंड ठेवून फिरत असणार. तसं असेल तर पश्चिमेला आपल्यासमोर नेहमी उजळ बाजू येईल आणि पूर्वेला नेहमी काळी. १७०५ मध्ये चांगल्या दुर्बिणीतून तो पूर्वेलाही दिसला, पण अगदी मंद.

मंद म्हणजे किती? ताऱ्यांच्या तेजाला मराठीत 'प्रत' म्हणतात. ती परीक्षेतल्या नंबरासारखी असते: पहिला सगळ्यात तेजस्वी, आकडा वाढला की उजेड कमी. ही पद्धत ग्रीकांची. अब्दुर्रहमान अस्-सूफी यांनी इ. स. ९६४ च्या सुमारास ती यादी नुसती उतरवून घेतली नाही. आकाशाकडे स्वतः बघून ताऱ्यांच्या प्रती पुन्हा ठरवल्या आणि दोन प्रतींच्या मधल्या पायऱ्याही नोंदवल्या. आज हिशेब पक्का आहे: पाच प्रतींचा फरक म्हणजे उजेडात १०० पट फरक. आयापेटस पश्चिमेला साधारण १०.२ प्रतीचा, पूर्वेला ११.९ चा. म्हणजे जवळजवळ पाचपट फरक!

मोजायचं काम आता कॅमेरा करतो. चंद्राचा आणि ज्याची प्रत आधीच ठाऊक आहे अशा ताऱ्याचा एकाच फोटोत किती उजेड आला, याची तुलना करायची. त्याआधी आकाशाचा आणि शनीचा पसरलेला उजेड वजा करायचा. खरी डोकेदुखी इथेच. शनीला चिकटून फिरणाऱ्या चंद्रांच्या बाबतीत हे फार अवघड जातं. आयापेटस शनीपासून सुमारे ३५ लाख किलोमीटर दूर, म्हणून सोपा. मग सूर्य आणि पृथ्वीपासूनच्या अंतराचा फरकही हिशेबात धरायचा.

रंगासाठी हेच मोजमाप निळ्या, हिरव्या, लाल फिल्टरमधून वेगवेगळं करतात. चंद्राचा उजेड सूर्याचाच, परत फिरलेला. म्हणून तुलना सूर्यासारख्या एखाद्या ताऱ्याशी. निळा कमी आणि लाल जास्त परत आला, तर पृष्ठभाग तांबूस. आयापेटसची काळी बाजू अशीच तांबूस निघाली. ती १०० पैकी जेमतेम ५ भाग उजेड परत पाठवते. उजळ बाजू निम्म्याहून जास्त.

ही काळी बाजू म्हणजे फेरी मारताना पुढे असलेली बाजू. त्यामुळे संशय फीबीवर गेला. शनीचा हा काळा चंद्र उलट्या दिशेने फिरतो. त्याची धूळ आयापेटसच्या तोंडावर बसत असेल का? पण रंग जुळेना. फीबी करडा, आयापेटसची काळी बाजू तांबूस. बरीच वर्षं गाडी इथे अडली. २००९ मध्ये स्पिट्झर दुर्बिणीला फीबीच्या वाटेवर धुळीचं प्रचंड मोठं कडं सापडलं, तेव्हा धुळीचा प्रश्न मिटला. बाकीचं काम उन्हाचं. आयापेटसचा दिवसही ७९ दिवसांचा असतो. धुळीने काळवंडलेला भाग जास्त तापतो, तिथला बर्फ वाफ होऊन उडतो आणि थंड, उजळ भागावर जाऊन बसतो. मागे राहतो तो काळा गाळ. काळं आणखी काळं, पांढरं आणखी पांढरं.

कॅसिनींचा अंदाज १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हॉयेजर यानांच्या फोटोंत खरा ठरला. २००७ मध्ये जे यान आयापेटसच्या अगदी जवळून गेलं, त्याचं नावही कॅसिनीच.

तुमच्या शाळेत सहा इंची दुर्बीण असेल तर शनीच्या पश्चिमेला हा ठिपका शोधा, नकाशावर खूण करा आणि सुमारे ४० दिवसांनी पूर्वेला पुन्हा बघा. त्या वेळी शोधायला बराच जास्त वेळ लागेल.