विश्लेषण : हाताला पूड चालते, मग डिस्कला चिकट लेप का नाही? डिस्क गोल्फमधील पकडीचे नियम काय?

अमेरिकेत मुलांकडे राहायला गेलेल्या अनेक पालकांना तिथल्या सार्वजनिक बागेत एक विचित्र गोष्ट दिसते. खांबाला अडकवलेली लोखंडी टोपली आणि तिच्यावर लोंबणाऱ्या साखळ्या. थोड्या वेळाने कुणीतरी दुरून प्लास्टिकची चकती भिरकावतो आणि ती साखळ्यांवर आपटून टोपलीत पडते. हाच डिस्क गोल्फ. फेकण्याआधी बहुतेक खेळाडू बॅगेला लटकवलेली कापडी पुरचुंडी हातात दाबतात, बोटांना पूड लागली की हात झटकतात आणि मगच चकती उचलतात. ही पूड नेमके काय करते? ती चालते, तर चकतीलाच चिकट काही लावलेले का चालत नाही? आणि जास्त चिकट म्हणजे जास्त चांगले, हे खरे आहे का?

डिस्क गोल्फ म्हणजे काय?

नियम गोल्फसारखेच. ठरलेल्या जागेवरून पहिली फेक करायची, चकती पडेल तिथून पुढची. सर्वात कमी फेकींत सगळ्या टोपल्या पूर्ण करणारा विजेता. पहिले कायमस्वरूपी मैदान १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्कमध्ये तयार झाले. एड हेड्रिक यांनी १९७६ मध्ये ‘प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन’ (पीडीजीए) ही संघटना स्थापन केली. साखळ्यांच्या टोपलीची कल्पनाही त्यांचीच. आज अमेरिकेबरोबरच फिनलंड, स्वीडन, एस्टोनिया या देशांत हा खेळ चांगलाच रुजला आहे. पैसाही आला आहे. २०२१ मध्ये पॉल मॅकबेथ या खेळाडूने एका डिस्क उत्पादक कंपनीशी १० वर्षांसाठी १ कोटी डॉलरचा करार केला. त्यामुळे बोटांमधून निसटलेली एक फेकही इथे महाग पडते.

पकडीला एवढे महत्त्व का?

लांब फेकीची चकती साधारण २१ सेंटिमीटर व्यासाची आणि जास्तीत जास्त १७५ ग्रॅमच्या आसपास वजनाची असते. चार बोटे कडेच्या आत आणि अंगठा वर, अशी ती घट्ट धरली जाते. हात पुढे झेपावतो, कडा बोटांतून सुटते आणि त्याच क्षणी चकतीला गिरकी मिळते. या गिरकीमुळेच ती हवेत स्थिर राहते. जर्मनीच्या सायमन लिझॉटच्या फेकीचा वेग २०१४ मध्ये ताशी १४४ किलोमीटर नोंदवला गेला होता.

सुटण्याचा क्षण किती नाजूक असतो, याचे साधे गणित करून पाहू. समजा, हात ७० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात ताशी ७२ किलोमीटर वेगाने फिरतो आहे. म्हणजे एका सेकंदाच्या हजाराव्या भागात तो सुमारे दीड अंश वळतो. चकती अशा पाच भागांइतकी उशिरा सुटली, तर दिशा आठ अंशांनी बदलते आणि ७० मीटरवर ती सुमारे १० मीटर बाजूला जाते. पापणी लवायलाही यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

घाम आला की नेमके काय बिघडते?

पूर्ण कोरडी त्वचा तशी गुळगुळीतच असते. किंचित ओलसर झाली की ती मऊ होते, पृष्ठभागाला जास्त चिकटून बसते आणि घर्षण वाढते. नोटा मोजताना बोट ओले करण्यामागचे कारण हेच. पण ओलावा आणखी वाढला, की त्वचा आणि प्लास्टिक यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर तयार होतो आणि बोट घसरू लागते. म्हणजे पकडीला ओलावा हवा, पण मोजका.

तळहाताचा घाम फक्त उन्हाने येत नाही. मनावर ताण आला तरी तळहाताला घाम फुटतो. त्यामुळे थंड हवेतही शेवटच्या निर्णायक फेकीआधी हात ओला होऊ शकतो. याउलट, फिनलंडमधील हिवाळ्यात अडचण उलटी असते. बोटे कोरडी पडतात, प्लास्टिक कडक होते आणि चकती काचेसारखी निसटते.

कोणत्या पुडीने काय होते?

पुरचुंडीत बहुधा घाम शोषणारी माती किंवा तत्सम पूड असते. काही जण गिर्यारोहक आणि जिम्नॅस्ट वापरतात तो चॉक, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट वापरतात. ही दोन्ही ओलावा टिपतात, चिकटपणा देत नाहीत. पाइनच्या झाडापासून मिळणारी राळ मात्र चिकटपणा देते. मेणासारखे लेपही मिळतात, ते कोरड्या हातांसाठी उपयोगी असतात.

पांढरी दिसणारी प्रत्येक पूड पकड वाढवत नाही, हे लक्षात ठेवायला हवे. कॅरम बोर्डवर आपण पूड टाकतो ती सोंगटी सरकावी म्हणून. घरातील टाल्कम पावडरही तशीच, ती हाताला लावली तर चकती अधिक निसटते. उलट, मल्लखांबाला एरंडेल चोळतात, ते घर्षण कमी व्हावे म्हणून. कुठे किती घर्षण हवे, हे प्रत्येक खेळात वेगळे असते.

नियम काय सांगतात?

फेकीला थेट मदत करणारे कृत्रिम साधन वापरण्यास पीडीजीएची मनाई आहे. मात्र त्वचा सोलवटू नये म्हणून हातमोजे, टेप, बँडेज वापरता येते. घाम टिपणाऱ्या पुरचुंड्या मोठ्या स्पर्धांतही खेळाडू उघडपणे वापरतात. टॉवेलने चकती पुसण्यासही हरकत नाही.

चकतीबाबत नियम कडक आहेत. तिच्या मूळ उड्डाणात फरक पडेल असा बदल करता येत नाही. जाणवेल इतक्या जाडीचा रंग किंवा थर दिलेली चकती बेकायदा ठरते आणि ती फेकल्यास दोन फेकींचा दंड बसतो. कारण सरळ आहे. हाताची पूड ही खेळाडूच्या घामावरचा उपाय आहे, तर चकतीवरचा थर म्हणजे खेळाचे साधनच बदलणे. त्याशिवाय वेळेचेही बंधन आहे. पाळी आल्यावर ३० सेकंदांत फेक करावी लागते. हात पुसणे, पूड लावणे, सारे त्यातच.

इतर खेळांत काय घडले?

बेसबॉलमध्ये पिचरला राळेची पिशवी वापरता येते, पण चेंडूला चिकट पदार्थ लावण्यास बंदी आहे. जून २०२१ पासून अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये पंच पिचरचे हात तपासू लागले. एप्रिल २०२३ मध्ये मॅक्स शेर्झरला हात अति चिकट असल्याच्या कारणावरून १० सामन्यांची बंदी झाली. हाताला फक्त घाम आणि राळ होती, असे त्याचे म्हणणे होते. परवानगी असलेली वस्तूही किती वापरावी, याला मर्यादा असते, हे त्यातून दिसले.

फेब्रुवारी २०२३ मधील नागपूर कसोटी आपल्याला आठवत असेल. ऑस्ट्रेलियाविरुद्ध रवींद्र जडेजाने सुजलेल्या बोटाला पंचांना न विचारता मलम लावले आणि सामन्याच्या मानधनाच्या २५ टक्के दंड भरला. मलम औषध म्हणूनच लावले होते, चेंडूत बदल झाला नव्हता, हे सामनाधिकाऱ्यांनी मान्य केले. तरीही न विचारल्याबद्दल शिक्षा झाली. हातावरचे चेंडूवर जाते, म्हणून क्रिकेटला हाताचीही काळजी. डिस्क गोल्फमध्ये प्रत्येक जण आपापली चकती फेकतो, त्यामुळे तिथे हाताला अधिक मोकळीक आहे.

जास्त चिकट हात धोक्याचा कसा?

चकती बोटांत अडकून उशिरा सुटली, की उजव्या हाताने बॅकहँड फेकणाऱ्याची चकती भलतीकडे उजवीकडे जाते. लवकर निसटली तर डावीकडे. ही मैदाने बहुधा सार्वजनिक बागांत असतात. शेजारी पायवाट असते, मुले खेळत असतात. १७५ ग्रॅमची कडक चकती वेगाने डोक्याला लागली, तर गंभीर इजा होऊ शकते. म्हणून जाणते खेळाडू चिकटपणाच्या मागे लागत नाहीत. प्रत्येक फेकीला पकड सारखी असावी आणि चकती ठरल्या क्षणी सुटावी, एवढेच ते पाहतात.

नव्याने खेळणाऱ्यांनी काय करावे?

सुरुवात टॉवेलने करावी. आधी चकती पुसावी, मग हात. घाम येत असेल तरच पूड घ्यावी आणि जास्तीची झटकून टाकावी. बोटे कोरडी असतील तर पूड नकोच, बोटांवर फुंकर मारून थोडी ऊब आणि ओलावा दिला तरी पुरते. चॉक रोज वापरल्याने त्वचा कोरडी होऊन भेगा पडतात, त्यामुळे खेळ संपल्यावर हात धुऊन क्रीम लावावे. राळेची अनेकांना अ‍ॅलर्जी असते. खाज किंवा पुरळ आल्यास ती लगेच बंद करावी. आणि हात कितीही कोरडा असला, तरी पुढची वाट मोकळी झाल्याशिवाय चकती सोडू नये.