दूरस्थ गॅमा-स्फोट आणि चेरेंकॉव्ह दुर्बिणी

गॅमा-किरण पृथ्वीच्या वातावरणातून खाली पोहोचत नाहीत. मग त्यांचा वेध जमिनीवरून कसा घ्यावयाचा, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. ‘दुर्बीण’ हा फारसीतून आलेला शब्द. त्याचा अर्थ दूरचे पाहणारी. परंतु चेरेंकॉव्ह दुर्बीण प्रत्यक्षात पाहते ते दहा-एक किलोमीटर उंचीवर, वातावरणातच घडणारे. उच्च ऊर्जेचा गॅमा-किरण हवेच्या वरच्या थरांत शिरला म्हणजे त्यापासून इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांची जोडी निर्माण होते. त्या कणांपासून पुन्हा गॅमा-किरण, त्यांपासून पुन्हा कण, असा वर्षाव सुरू होतो. हवेतील प्रकाशवेगाहून अधिक वेगाने धावणाऱ्या ह्या कणांमुळे, चेरेंकॉव्ह ह्यांनी १९३४ मध्ये द्रवांत पाहिलेली तीच निळसर दीप्ती उमटते. ती अवघे काही अब्जांश सेकंद टिकते; मात्र जमिनीवर तिचा पसारा सुमारे १२० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाएवढा असतो. त्या वर्तुळात कोठेही आरसा असला तरी पुरे. उपग्रहावरील उपकरणाला एवढे क्षेत्र लाभणे शक्य नाही.

स्फोटांच्या बाबतीत अडचणी दोन. पहिली वेळेची. अणुचाचण्यांवर पाळत ठेवणाऱ्या अमेरिकेच्या ‘व्हेला’ उपग्रहांनी १९६७ साली प्रथम नोंदलेले हे स्फोट बहुधा काही सेकंदांत, फार तर मिनिटांत ओसरतात. मागे राहते ती मंदावत जाणारी उत्तरदीप्ती. दुर्बिणीचे दृष्टिक्षेत्र मोजक्या अंशांचे; म्हणून उपग्रहाने दिशा कळवावी व दुर्बिणीने तत्काळ वळावे, असा क्रम असतो. दुसरी अडचण अंतराची, आणि ती अधिक मूलगामी होय. ताऱ्यांनी युगानुयुगे ओतलेला प्रकाश विश्वात सर्वत्र विखुरलेला आहे. त्याच्या कणाशी गाठ पडली की गॅमा-किरण इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडीत विलीन होतो. ऊर्जा जितकी अधिक व मार्ग जितका लांब, तितका हा क्षय मोठा. दूरच्या स्फोटाचे त्यातल्या त्यात अल्प ऊर्जेचे किरणच येथवर येतात, आणि त्यांची दीप्ती क्षीण असते. ती टिपण्यास मोठे आरसे व उंच जागा हवी. भाभा अणुसंशोधन केंद्राने लडाखमधील हानले येथे सुमारे ४,३०० मीटर उंचीवर उभारलेल्या व २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या ‘मेस’ दुर्बिणीचा २१ मीटर व्यासाचा आरसा ह्याच गरजेतून आला आहे.

१४ जानेवारी २०१९ रोजी ला पाल्मा बेटावरील ‘मॅजिक’च्या १७ मीटर व्यासाच्या दोन दुर्बिणी स्फोटानंतर सुमारे एका मिनिटात त्या दिशेस वळल्या, आणि ०.२ ते १ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे किरण विपुल प्रमाणात आढळले. हा प्रकाश सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी निघालेला होता. चुंबकीय क्षेत्रात फिरणारे इलेक्ट्रॉन स्वतःच उत्सर्जित केलेल्या प्रकाशकणांना धडकून त्यांची ऊर्जा वाढवितात, असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

त्वरा हेच सर्वस्व, ही समजूत मात्र टिकली नाही. २० जुलै २०१८ च्या स्फोटाचे किरण नामिबियातील ‘हेस’ला तब्बल दहा तासांनंतर मिळाले होते. २९ ऑगस्ट २०१९ चा स्फोट त्या मानाने बराच जवळचा. म्हणून त्याचे किरण वाटेत फारसे क्षीण झाले नाहीत. ‘हेस’ने तो तीन रात्री न्याहाळला. त्याच्या गॅमा-किरणांचा वर्णपट व कालक्रम क्ष-किरणांशी इतका जुळणारा निघाला की, वरील स्पष्टीकरण त्याला सरळपणे लागू करणे कठीण झाले.