लोकल सर्व्हर कुणाकुणाला दिसतो?

पेणच्या रामवाडीत एखाद्या पोराने घरच्या गणपती कारखान्यासाठी मूर्तींच्या फोटोंची वेबसाइट करायला घेतली, की पहिला सल्ला ठरलेला: आधी होस्टिंग घे. सरावाला त्याची काही गरज नाही. उबुंटू लिनक्स टाकलेला जुना लॅपटॉप पुरतो. अपाची हा वेब सर्व्हर एकदा बसवला की पुढे इंटरनेटही लागत नाही, कारण १२७.०.०.१ या पत्त्यावरची मागणी मशीनच्या बाहेर जातच नाही. पावसात नेट गेलं तरी काम चालू.

मग लोक दुसऱ्या टोकाला जातात: लोकल म्हणजे फक्त मलाच दिसणार. हा गैरसमज जास्त महागात पडतो. पायथनसोबत येणारा छोटा सर्व्हर चालू केला, की वेगळं सांगितल्याशिवाय तो ८००० नंबरच्या पोर्टवर आणि मशीनच्या सगळ्या नेटवर्क पत्त्यांवर उत्तर द्यायला बसतो. त्याच वायफायवरच्या कुणीही मोबाइलमध्ये लॅपटॉपचा पत्ता (घरी बहुधा १९२.१६८ने सुरू होणारा) आणि पुढे ८००० टाकलं, की सहसा साइट उघडते. मोबाइलवर पान कसं दिसतं ते तपासायला हे बरंच. पण सर्व्हर होम फोल्डरमधून सुरू केला असेल आणि तिथे इंडेक्स फाइल नसेल, तर मूर्तींऐवजी सगळ्या फायलींची यादी समोर येते, आधार कार्डाच्या स्कॅनसकट! उबुंटूची फायरवॉलही मुळात बंदच असते. सुरू करतानाच ‘बाइंड’ म्हणून १२७.०.०.१ द्यावं, म्हणजे शेजाऱ्याचा प्रश्न मिटला.

४०३ची, म्हणजे परवानगी नाकारल्याची, एरर आली की ‘७७७ मार’, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या दे, हा आणखी एक रामबाण. लागू मात्र पडत नाही. अपाची ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या वेगळ्या युजरच्या नावाने चालतो आणि उबुंटू २१.०४पासून नव्या युजरचं होम फोल्डर इतरांना बंद असतं. वरच्या फोल्डरमध्येच शिरता येत नसेल, तर आतल्या फायलीला ७७७ देऊन काय उपयोग? साइट ‘व्हार’खालच्या नेहमीच्या फोल्डरमध्ये ठेवावी, मालकी आपली, फोल्डरला ७५५, फायलींना ६४४.

फोटो दिसत नाहीत म्हणून लिनक्सला शिव्या घालण्याआधी फायलींची नावं बघावीत. कॅमेऱ्याने शेवटचं ‘जेपीजी’ कॅपिटलमध्ये लिहिलेलं असतं आणि आपण पानात स्मॉलमध्ये. विंडोजवर ते खपतं. लिनक्सला त्या दोन वेगळ्या फायली.